हा शब्द कुणाच्या तोंडचा?

(आमच्या स्तंभलेखिकांनी पुण्यातल्या छापखान्यांत आणि पुढे एका साप्ताहिकात मुद्रितशोधक म्हणून काम केलं. आता त्या साताऱ्याला असतात आणि वाचकांच्या भाषेविषयीच्या प्रश्नांना या पानावर उत्तरं देतात. या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं लेखकाच्या शब्दनिवडीबद्दल होती.)

बाई, ‘उताऱ्यातील लेखकाचा सूर ओळखा’ असा प्रश्न दिला की माझ्या वर्गातली निम्मी मुलं ‘दुःखी’ लिहितात आणि उरलेली ‘आनंदी’. मधलं काही त्यांना दिसतच नाही. व्याख्या सांगून झाली, उपयोग शून्य. सूर शिकवायचा कसा?
— मराठीच्या एक शिक्षिका, सांगोला

व्याख्या आधी फळ्यावरून पुसा. तिथे एकच वाक्य लिहा : ‘शेजारची म्हातारी मेली.’ मग ‘मेली’ खोडा आणि मुलांना दुसरा शब्द मागा. तुमच्याकडची मुलं आहेत, पाच मिनिटांत फळा भरेल. वारली, गेली, खपली, आटोपली, निवर्तली, देवाघरी गेली, सुटली. आता प्रत्येक शब्दावर बोट ठेवून एवढंच विचारायचं की हे कोण बोलतंय.

‘निवर्तली’ असं गल्लीत कुणी म्हणत नाही. तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचा शब्द आहे आणि तिथे म्हातारीची लगेच ‘त्या’ होते. ‘खपली’ म्हणणाऱ्याला तिचं सोयरसुतक नाही, किंवा साथीत, दुष्काळात माणसं मोजून मोजून तो थकलेला आहे. ‘सुटली’पाशी मात्र वर्गाला जरा वेळ थांबवा. ‘सुटली’ म्हणणाऱ्याने तिचं अंथरूण पाहिलेलं असतं. पाठीला झालेल्या जखमा, सुनेची धुसफुस, औषधाच्या बाटल्या, हे सगळं त्या तीन अक्षरांत आलं आणि दुःख हा शब्द कुठे उच्चारलाही गेला नाही. कधीकधी खरं तर सुटलेले आपण असतो आणि म्हणतो मात्र ‘सुटली बिचारी’. हे दहावीच्या मुलांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर त्यांना ते माहीत असतं.

मृत्यूच्या बातमीत तर माणसाचं अख्खं घर दिसतं. कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी यांतला कुठला शब्द छापलाय त्यावरून त्या घरातला देव कळतो. बौद्ध घरांतल्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर ‘कै.’ नसतं, ‘कालकथित’ असतं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात जे घडलं ते त्या एका विशेषणात दरवेळी पुन्हा छापलं जातं. खिळे जुळवणारा नवशिका जुळारी ते ‘दुरुस्त’ करून ‘कै.’ करायला निघायचा, तेव्हा त्याचा हात धरावा लागायचा.

थोड्या मोठ्या मुलांसाठी एक उतारा सुचवते. तो एका वाक्याचा आहे आणि बहुतेकांनी ऐकलेला आहे. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर मराठी फौज बुडाली. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांच्या हाती एका सावकाराचं पत्र लागलं आणि त्यातून त्यांना अनर्थ कळला. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशी ती बातमी. मोती म्हणजे पेशव्यांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे सरदार. उरलेले शिपाई, बारगीर, बुणगे हे रुपये आणि खुर्दा.

शाळेत हे ‘सांकेतिक पत्र’ म्हणून सांगतात आणि पुढचा धडा घेतात. तुम्ही घाई करू नका. नुसता संकेतच हवा असता तर सावकाराला झाडं चालली असती, जनावरं चालली असती. त्याने नाणी घेतली कारण तो रोज नाण्यांतच बोलत होता. पण नाणी घेतली की प्रतवारी आपोआप आली. मोत्याला ‘गळणं’ मिळतं, म्हणजे कुठल्या तरी गळ्यात माळ होती आणि ती तुटली, हेही सांगून होतं. खुर्द्याला यातलं काही नाही. खुर्दा म्हणजे तांब्याची मोड. तिच्याबद्दलची खंत एवढीच, की हिशोब लागत नाही. ‘फौजेचा खुर्दा उडाला’ असं आपण अजून म्हणतो, तेव्हा त्या मोडीत कोण होतं ते डोळ्यांपुढे येत नाही.

आता वर्गाला विचारा, पत्राचा सूर दुःखी आहे का? आहे, वरच्या दोन नगांपुरता. आणि गृहपाठ असा द्या : हीच बातमी पानिपतावरून न परतलेल्या एका शिपायाच्या बायकोने सांगायची आहे. तिच्या तोंडी मोती कोण असेल? त्यानंतर ‘दुःखी’ असं एका शब्दाचं उत्तर लिहिणारी मुलं कमी होतील असा माझा अंदाज आहे.

ताई, माझी कथा एका दिवाळी अंकात आली. छापील पान पाहिलं तर ‘माय’ची ‘आई’ झालेली, ‘वावरा’चं ‘शेत’, आणि ‘तिनं भाकर थापली’चं ‘तिने भाकरी केली’. संपादक म्हणतात, वाचकाला कळायला हवं. माझा राग बरोबर आहे की नाही?
— एक कथालेखक, चोपडा

‘आई’ समजते आणि ‘माय’ समजत नाही असा मराठी वाचक मला अजून भेटायचा आहे. त्यामुळे कळण्याची सबब मला पटत नाही. ‘भाकरी केली’ हे ताटावर बसलेल्याचं वाक्य आहे, त्याला भाकरी थेट ताटात दिसते. ‘थापली’ म्हणणारा चुलीपासून हातभर अंतरावर बसलेला आहे, त्याला थापण्याचा आवाज आलाय. ‘वावर’ आणि ‘शेत’ यांचंही तसंच. सातबाऱ्यावर जमीन असते, कवितेत शेत असतं, आणि पहाटे डबा घेऊन जिथे जायचं ते वावर. संपादकांनी तुमच्या कथेतला सांगणारा चुलीजवळून उठवून ओसरीवर नेऊन बसवला. राग रास्त आहे.

पण तुम्ही सोबत पाठवलेली कथाही मी वाचली, आणि तिथे माझी तक्रार तुमच्याकडे आहे. दुसऱ्या पानावर ‘माय वावरात निंदत होती’ आणि तिसऱ्या ओळीत ‘तिच्या मुखावर विषण्णता पसरली’. हे दोन्ही एकच माणूस सांगतोय? विषण्णता वावरात उगवत नाही. निवेदक गावातच राहिलेला मुलगा असेल तर मायचं तोंड उतरतं, ती गप्प होते, विळा जमिनीत रोवून उभी राहते. निवेदक शिकून शहरात गेलेला असेल तर विषण्णता चालेल, पण मग ‘वावर’ म्हणताना त्याची जीभ कुठेतरी अडखळली पाहिजे, आणि त्या अडखळण्यातच तुमची कथा असू शकते. आत्ता तुम्ही ‘वावर’ रंगासाठी वापरलंय आणि ‘विषण्णता’ वजनासाठी. संपादकांना सगळं एकसारखं करून टाकावंसं वाटलं त्यात त्यांचा निम्माच दोष.

संपादकाने हात फिरवला की काय होतं याचं जुनं उदाहरण गोडसेभटजींचं. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आत राहून पाहिला. त्यांनी लिहून ठेवलेली हकीकत चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ म्हणून छापली, पण मजकुरात फेरफार करून. मूळ बाडाला धरून पुस्तक मिळायला १९६६ साल उजाडलं, ते काम दत्तो वामन पोतदारांनी केलं. वैद्यांवर सरळ ठपका ठेवायला मी तयार नाही. इंग्रजांचं राज्य होतं, आणि त्यांनी छापलं नसतं तर ते बाड कुणाच्या माळ्यावर वाळवीने खाल्लं असतं. तरीही मधल्या काळात मराठी वाचक भटजींचा म्हणून जो आवाज ऐकत होते त्यात दुसऱ्याही एका माणसाचा आवाज होता, आणि तो कुठे सुरू होतो हे कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या वेळी कथेला एक चिठ्ठी जोडा. कुठले शब्द बदलायचे नाहीत ते तीत लिहा. नीट संपादक अशा चिठ्ठीने दुखावत नाहीत.

मी आमच्या घराण्याची हकीकत लिहितोय. आजी नेहमी ‘पोलीस ॲक्शनच्या साली’ म्हणायची. शाळेच्या पुस्तकात ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम’ आहे. आणि शेजारच्या चाचांच्या घरी त्या दिवसांचा विषयच निघत नाही. मी कोणता शब्द लिहू?
— एक वाचक, लातूर जिल्हा

तुमचं पत्र या महिन्यातलं सगळ्यात अवघड आहे.

१३ सप्टेंबर १९४८ला भारताचं लष्कर हैदराबाद संस्थानात शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. रणगाडे होते, विमानं होती, नेतृत्व मेजर जनरल चौधरींकडे होतं. पोलिसांचं त्यात नावापुरतंच काम, पण नाव मात्र ‘पोलीस कारवाई’. हे नाव दिल्लीचं आहे. दोन देशांत युद्ध होतं, घरातल्या दंगेखोराकडे पोलीस जातात. हैदराबाद हा परका मुलुख नव्हेच, हा सगळा दावा त्या एका ‘पोलीस’मध्ये भरलेला आहे, आणि तो जगाला ऐकवायचा होता.

‘मुक्तिसंग्राम’ हे नाव चळवळीचं. त्यात स्वामी रामानंद तीर्थ आहेत, स्टेट काँग्रेस आहे, सरहद्दीवरच्या छावण्या आहेत, तुरुंगात गेलेली माणसं आहेत. लोक लढले, नुसते सुटले नाहीत, हे त्या शब्दाला सांगायचं आहे. दोन्ही शब्द खरे आहेत, पण एकात लोक दिसत नाहीत आणि दुसऱ्यात रणगाडे मागे पडतात.

तुमच्या आजीच्या बोलण्यात आणखी एक शब्द असणार, ‘रझाकारी’. तो दिल्लीचाही नाही आणि चळवळीचाही नाही. पोरंबाळं घेऊन रात्री उसात, ज्वारीत लपलेल्यांचा तो शब्द आहे. आजी ‘रझाकारी’ कधी म्हणायची आणि ‘पोलीस ॲक्शन’ कधी, हे आठवून पाहा. बहुधा एक भीतीच्या महिन्यांसाठी असेल आणि दुसरा ते संपले त्या आठवड्यासाठी. असं असेल तर तिने तुमच्यासाठी काळाची वाटणी करून ठेवलेली आहे.

राहिलं चाचांच्या घरचं गप्प राहणं. निजाम शरण आल्यावर मराठवाड्यात आणि आजूबाजूला मुसलमान वस्त्यांवर मोठे हल्ले झाले. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली, तिने हजारो बळींची नोंद केली आणि तिचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. त्या घराला ‘मुक्ती’ म्हणता येत नाही आणि ‘कारवाई’ही पुरत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. आजी बोलते तिथे तिचेच शब्द, अवतरणचिन्हांशिवाय. अवतरणात घातले की वाटतं तुम्ही तिला चिमट्याने धरलंय. तुम्ही स्वतः सांगता तिथे ‘सप्टेंबर १९४८’ लिहा. तारीख कुणाच्याच बाजूने बोलत नाही. आणि लिहिण्याआधी चाचांकडे एकदा चहाला जा. सांगतील तर सांगतील. नाही सांगितलं तर ‘त्यांच्याकडे विषय निघत नाही’ हे तुमचं पत्रातलं वाक्य जसंच्या तसं पुस्तकात घ्या, त्यात एकही शब्द बदलण्यासारखा नाही.

नावांची अशी ओढाताण फक्त जुन्या काळात होती असं समजू नका. १८५७च्या धामधुमीला १९०७ साली छापलेल्या गोडसेभटजींच्या पुस्तकावर ‘बंडाची हकीकत’ म्हटलंय, १९०९ साली सावरकरांनी त्याचंच ‘स्वातंत्र्यसमर’ केलं. आणि जून २०२२मध्ये मुंबईत आमदार फुटले तेव्हा बातम्यांत ते ‘बंड’ होतं, गेलेल्यांच्या भाषणांत ‘उठाव’ आणि राहिलेल्यांच्या घोषणांत ‘गद्दारी’. ज्याला तिन्ही शब्द एकाच दिवशी ऐकू आले त्याने शब्दनिवडीचा वर्ग फुकटात केला.

मागच्या एका अंकात आपण लिहिलं होतं की ‘कर्जमाफी’ हा शब्द आपल्याला खटकतो. मी सहकारी बँकेत नोकरी केली. शब्द कोणताही लावा, खात्यावरची रक्कम तीच राहते. उगाच शब्दांचा कीस कशाला?
— एक निवृत्त बँक अधिकारी, अकोला

रक्कम तीच राहते, मान्य. पण रांगेत उभा राहिलेला माणूस तोच राहत नाही.

माफी कुणाला मिळते? ज्याने गुन्हा केला त्याला. किंवा जुन्या अर्थाने, ज्याच्यावर धन्याची मर्जी झाली त्याला. सारामाफी, माफी जमीन हे शब्द तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. दोन्ही अर्थांत देणारा वर आणि घेणारा खाली. शेतकरी संघटनेच्या लोकांनी ‘कर्जमुक्ती’ हा शब्द हट्टाने धरला तो यासाठीच. त्यांचं म्हणणं होतं की शेतमालाचे भाव सरकारी धोरणानेच पाडले जातात, म्हणून हे कर्ज मुळात अन्यायाचं आहे. ते पटो न पटो, ‘माफी’ म्हटलं की ही बाजू मांडताच येत नाही. क्षमा मागायला आलेल्याने हिशोब विचारायचा नसतो.

सरकारलाही हे कळतं. २०१७च्या योजनेचं नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’, त्यात माफीही नाही आणि मुक्तीही नाही. २०१९च्या योजनेचं नाव ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’. सरकारं वेगळी, नावं वेगळी, पण दोन्ही वेळी मथळ्यांत आली ती ‘कर्जमाफी’. मथळ्यात जागा नसते, लहान शब्द लागतो, असं उपसंपादक सांगतात. मी मथळे मोजण्यात डोळे घालवलेत. ‘कर्जमाफी’ आणि ‘कर्जमुक्ती’ छापताना जवळजवळ सारखीच जागा घेतात.

तुमच्या बँकेतल्या भाषेकडेही जरा बघा. शेतकरी ‘कर्जबाजारी’ होतो, कारखाना ‘आजारी’ पडतो. आजारी उद्योग हा तर अधिकृत शब्द आहे. आजाऱ्याला कुणी रागवत नाही, त्याला भेटायला जातात, त्याच्यासाठी समिती नेमतात. कर्जबाजारी म्हटल्यावर मात्र त्या माणसाने पैसा कुठे उडवला असेल असं मनात येतंच. मोठ्यांचं कर्ज ‘निर्लेखित’ होतं, म्हणजे बँकेच्या हिशोबातून खोडलं जातं, तेव्हाही वसुली थांबत नाही, माफीत थांबते, हा फरक तुम्ही मला सांगाल आणि तो बरोबर आहे. पण फरक बरोबर असूनही ‘निर्लेखित’ हा शब्द कुणाला लाज आणत नाही. इतका धुतलेला आहे, की त्यात कुणी माणूस उरलेलाच नाही.

जोतिराव फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्यांच्या हलाखीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांना ‘कैफियत’, ‘गाऱ्हाणं’, ‘विनंती’ असं काहीही नाव देता आलं असतं. हे सगळे शब्द हात जोडून उभे असतात. त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ असं नाव दिलं. असूड ही शेतकऱ्याच्या रोजच्या हातातली वस्तू आहे. तो बैलावर चालायचा, इथे त्याचा रोख बदललेला आहे. पहिलं पान उघडायच्या आधीच वाचकाला कळतं की इथे कुणी काही मागायला आलेलं नाही. आता तुम्हीच सांगा, त्या जोतिरावांच्या नावाच्या योजनेला ‘माफी’ म्हणताना जीभ थोडी तरी अडायला हवी की नको?

माझ्या एकांकिकेवर परीक्षकांनी ‘भाषा असभ्य’ असा शेरा मारला. पात्रं चाळीतली आहेत, शिव्या देणारच. काढून टाकू का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाणे

जनाबाईंनी साक्षात पांडुरंगाला ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ म्हटलंय, आणि पुढची ओळ तर तुझ्या परीक्षकांना झेपणारच नाही. तो अभंग देवळात टाळ वाजवून म्हणतात. असभ्य कुणाला वाटत नाही, कारण ‘कारट्या’ ही आईने स्वतःच्या पोराला घालायची शिवी आहे आणि नामदेवांच्या घरची ही दासी ती देवाला घालण्याइतकी त्याच्या जवळची आहे. ‘हे देवा, आपण मला दर्शन का देत नाही?’ असं तिने म्हटलं असतं तर तोच देव किती लांब गेला असता बघ.

तुझी संहिता मी चाळली. त्यात दूधवाला, प्राध्यापक आणि दारू प्यायलेला काका, तिघंही एकच शिवी देतात, तीही तू रोज मित्रांना देतोस ती. ती त्यांची नाही, तुझी आहे. पात्रांची नावं झाकून संवाद वाच. कोण शिवी देतोय हे शिवीवरून ओळखता आलं तर ठेव. नाही तर काढ, आणि परीक्षकांचं कारण सांगू नकोस.

आमच्या सोसायटीत ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गॅलरीमधून खाली कचरा टाकण्यात येऊ नये’ अशी नोटीस लावली आहे. काही फरक नाही. पुढे ‘कृपया’ लिहावं का?
— गृहनिर्माण संस्थेचे सचिव, डोंबिवली

‘कृपया’ लिहिलंत की सभासद रेल्वेच्या फलाटावर असल्यासारखे वागतील, म्हणजे ऐकतील आणि गाडीची वाट बघत राहतील.

तुमच्या नोटिशीत माणूसच नाही. कळवतंय कोण? ते ‘येते’. टाकतंय कोण? तेही ‘येऊ नये’. ज्याने टाकला तो वाचून पुढे जातो, कारण त्याचा उल्लेखच नाही. ही सरकारी कागदाची सवय. १९६४च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीत आला, ते फार चांगलं झालं, पण त्या मराठीत रस्ता आपोआप ‘खोदण्यात येतो’ आणि झाडं आपोआप ‘तोडण्यात येतात’. खोदणारा, तोडणारा कुठे सापडत नाही. तुम्हाला सोसायटीत तेच कशाला हवंय?

असं लिहून बघा : ‘वरून टाकलेला कचरा तळमजल्यावरच्या आजींच्या तुळशीत पडतो. त्या रोज सकाळी तो वेचतात. कचऱ्याचा डबा जिन्याखाली आहे.’ खाली तुमचं नाव, पदाशिवाय. आजींना आधी विचारून घ्या मात्र.

इंदूरला जन्मलेल्या नातीला मराठी लिहायचा नाद लागलाय. तिला समानार्थी शब्दांचा कोश भेट द्यावा म्हणते.
— एक आजी, इंदूर

नको. समानार्थी शब्दांच्या यादीत सगळे शब्द एका रांगेत, एका उंचीचे उभे दिसतात, आणि मग मुलं ‘मेला’च्या जागी ‘निवर्तला’ घालून मोकळी होतात. अंबाजोगाईचे दासोपंत चारशे वर्षांपूर्वी ‘गीतार्णवा’त म्हणून गेलेत, की संस्कृतात नुसता घट असतो, मराठीत मात्र रांझण वेगळा, डेरा वेगळा, सुगड वेगळं. रांझणात पाणी राहतं, डेऱ्यात ताक घुसळतात, सुगड संक्रांतीला पुजतात. समानार्थी कोशात हे तिन्ही ‘मडकं’ या नावाखाली सापडतील.

तिला दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ दाखवा. १९३२पासून तो खंडाखंडाने निघाला. त्यात शब्द कुठल्या भागातला आहे, कुणी कसा वापरलाय, हे उदाहरणांसकट मिळतं. जोडीला मोल्सवर्थ, १८५७ची दुसरी आवृत्ती. त्यातले अर्थ इंग्रजीत आहेत, पण इंदूरच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीला त्याची अडचण येऊ नये. जाडजूड खंड विकत घ्यायची गरज नाही. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, फोनवरही उघडतात.